पुडीतली मुलं

गौरी जवळ आल्या की कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या बाजारात तेरडा येतो. ओल्या पोत्यावर जुड्या मांडून बायका बसलेल्या असतात. देठं लाल, पाण्यानं फुगलेली, मुळांना चिखल तसाच. सुजाता, माझी बायको, एकेक जुडी उचलून बघते, भाव करते, गौरीसाठी हवा तसा भरगच्च तेरडा निवडते. मी पिशवी धरून उभा असतो. तेरड्याला म्हणावा असा वास नसतो, त्याच्या मुळांच्या मातीला असतो. तो वास आला की मला शाहूवाडीतली एक कौलारू शाळा आठवते, आणि मग लगेच पंचगंगेचा घाट. शाळा आठवून बरं वाटतं न वाटतं तोच घाट येतो.

सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या घरातून वाळलेल्या फुलांचा एक खोका गेला. निर्माल्याबरोबर चुकून गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो चुकून गेला नव्हता.

फुलं अक्काची होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही गडहिंग्लजच्या पलीकडचे, कर्नाटकाला खेटून असलेल्या गावातले, त्यामुळे आमच्यात ताई नाही, अक्का. माझ्याहून ती बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पुढे दोन वर्षांनी अक्काला प्राथमिक शाळेत नोकरी लागली, तीही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शाहूवाडीच्या डोंगरात. वडिलांनी तिची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि मला तिच्या मांडीवर बसवलं. तिसरी आणि चौथी मी तिच्याच वर्गात शिकलो. घरात अक्का, शाळेत बाई. शाळेत चुकून 'अक्का' म्हटलं की ती पट्टी दाखवायची आणि घरी गेल्यावर हसायची.

त्या भागात पाच सप्टेंबरला पाऊस असायचाच. पोरं इरली पांघरून, पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन यायची आणि प्रत्येकाच्या मुठीत बाईंसाठी फूल असायचं. कुणाच्या दारातली कर्दळ, कुणाची गुलबक्षी, बांधावरचा कुर्डू, एखाद्या नशीबवानाचा डेलिया. दुपारपर्यंत टेबलावर ओला ढीग व्हायचा. दुसऱ्या कुठल्या बाईंनी संध्याकाळी तो झाडून काढला असता. अक्का ती फुलं ओच्यात घालून खोलीवर आणायची.

एवढ्या पावसात फूल वाळवायचं म्हणजे खेळ नव्हता. कपडे तीन तीन दिवस वाळायचे नाहीत, मिठाला पाणी सुटायचं. अक्का जुन्या हजेरीपत्रकांच्या पानांत फुलं पसरायची आणि वर पाटा ठेवायची. रोज रात्री जेवणं झाली की सगळी पानं बदलायची. एक दिवस विसरलं की बुरशी. ओले झालेले कागद चुलीच्या उबेवर वाळवायचं काम माझं. डेलियासारखं जाड फूल असलं तर ओढ्याची बारीक वाळू चाळून तव्यावर भाजायची, निवू द्यायची आणि डब्यात फूल उभं ठेवून चारी बाजूंनी हळूहळू सोडायची. आठवड्यानं वाळू ओतली की फूल तसंच्या तसं बाहेर यायचं, फक्त कागदासारखं हलकं होऊन. मग वहीच्या पानाची पुडी, आणि पुडीवर तिचं ते फळ्यावरचं गोल अक्षर: नाव, इयत्ता, फूल.

सगळी पोरं फूल आणायची. मी कधी आणलं नाही. घरातल्याच माणसाला काय फूल द्यायचं, असं मला वाटायचं. तिनंही कधी विचारलं नाही.

पस्तीसच्या वर वर्षं तिनं हे केलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी तिला विचारायला हवं होतं. तेही राहिलं.

पण तिनं ती फुलं नुसती साठवली असं नाही. विद्यार्थ्याच्या लग्नाची पत्रिका आली, कुणी नोकरीला लागलं, कुणाला बाळ झालं, की अक्का ती पुडी शोधायची. जाड कागदावर डिंकानं फूल चिकटवायची, वर पारदर्शक कागद लावायची, चार ओळी लिहायची आणि ज्याचं फूल त्याला पाठवून द्यायची. नऊ वर्षांच्या पोरानं दिलेलं फूल पंचविसाव्या वर्षी त्याच्याकडे परत जायचं. एका ट्रकड्रायव्हरनं ते केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी लावलंय, असं अक्का एकदा मोठ्या अभिमानानं सांगत होती.

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे कोल्हापुरात आली. एक ट्रंक, एक पाटा आणि पुट्ठ्याचे चार खोके. तीन खोके जवळजवळ रिकामे झालेले, चौथा तिच्या शेवटच्या शाळेचा, भरलेला. हळूहळू गल्लीला तिचा नाद कळला. आपल्याकडे सत्कार काय कमी होतात? फेटा, शाल, नारळ आणि बुके. शाल कपाटात जाते, नारळ वाटणात जातो आणि बुके दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. तो बुके आता आमच्या दारात यायला लागला. "अक्का, आमच्या मालकांचा सत्कार झाला की काल. वाया जातंय म्हणून आणलं बघा." अक्का चमकीचा कागद काढायची, तारा सोडवायची, जरबेरा वाळूत, गुलाब पानांत, मोडलेल्या पाकळ्या ताटात. पुस्तकाच्या खुणा, भेटकार्डं, कपाटात ठेवायच्या वासाच्या पिशव्या. झेंडूची पूड करून रंगपंचमीला गल्लीतल्या पोरांना द्यायची. आमचं जेवणाचं टेबल हळूहळू तिचं झालं. सुजाताची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती, आणि ती मी तोंडानं बोलत नव्हतो.

त्या वर्षी गौरीच्या दिवशी आमचे साहेब गणपतीच्या दर्शनाला येणार होते. मी बढतीची वाट बघत होतो. सकाळपासून सोफ्याच्या खोळी बदल, पंखा पूस, असं माझं चाललं होतं. साहेब आले, हात जोडले, आणि सोफ्यावर न बसता नेमके कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर उशीखाली अक्काची हजेरीपत्रकं होती, आत फुलं. अक्का वडी-भाकरीचं ताट घेऊन आतून आली आणि ओरडलीच, "उठा, उठा पावणं! पोरं हाईत त्यात माझी!"

साहेब ताडकन उठले. मग त्यांना सगळा प्रकार कळला आणि ते पोट धरून हसले. अक्काही हसली. सुजाता हसली. मी नाही.

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दिवशी, अर्धा दिवस कचेरी होती. जिना चढतानाच साहेबांनी विचारलं, "काय हो, पुडीतली पोरं बरी आहेत का?" वरची चार टेबलं हसली. एवढंच. त्यात अपमान नव्हता, आज ते मला कळतं. पण त्या दिवशी माझे कान तापले ते घरी येईपर्यंत निवले नाहीत. आपली बहीण लोकांना वेडी वाटते, असं माझ्या मनानं घेतलं. खरं तर ती मला स्वतःला वेडी वाटत होती आणि त्याची मला लाज वाटत होती.

संध्याकाळी गौरी-गणपती घेऊन आम्ही निघालो. अक्काचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरी थांबली. निर्माल्याची पिशवी दाराशी ठेवली होती. शेजारच्या फळीवर तो चौथा खोका होता. मी तो उचलून पिशवीवर ठेवला. वाळकी फुलं ती, निर्माल्यच की, असं मनात म्हणालो. सुजाता पुढे गेली होती, तिनं पाहिलं नाही.

घाटावर विसर्जनासाठी ठेवलेल्या पाण्याच्या मोठ्या काहिलीत मूर्ती बुडवून झाली. पलीकडे निर्माल्य घ्यायला ट्रॉली उभी होती. कॉलेजची पोरंपोरी हातमोजे घालून हार वेगळे, प्लास्टिक वेगळं करत होती. माझा खोका एका मुलीनं उघडला आणि म्हणाली, "काका, ह्यात कागद हाईत. कागद वेगळा द्यायचा. तेवढं सोडून देता काय?"

पुढचं मी अक्काला सोडून कुणाला इतकं तपशिलात सांगितलेलं नाही. मी खाली बसलो आणि पुड्या सोडायला लागलो. पहिली पुडी. हणमंत, इयत्ता चौथी, कर्दळ. फूल ट्रॉलीत, कागद बाजूला. दुसरी. शालन, इयत्ता तिसरी, गुलबक्षी. तिसरी, चौथी. प्रत्येक नाव मी वाचलं. प्रत्येक पुडीला थांबता येत होतं. पाच-सहा झाल्यावर त्या मुलीलाच माझी दया आली. "ऱ्हाऊ द्या काका, आम्ही करतो." मी उठलो, गुडघे झटकले आणि सुजाताला शोधत गेलो.

अक्काला दुसऱ्या दिवशी कळलं. "बाळू, फळीवरचा खोका कुठं हाय रं?" मी कपाळावर हात मारल्यासारखं केलं. "अगं, पिशवीसोबत गेला की काय!" तिनं लुगड्याचा पदर खोचला, चपला घातल्या आणि रिक्षा बघ म्हणाली. घाटावर जाऊन आम्ही विचारलं. एक जण झाडू मारत होता. "ट्रॉली कवाच गेली की, आजी." कडेला थोडा ढीग उरला होता, दूर्वा, केवड्याची पानं, कुजायला लागलेले हार. अक्का वाकून त्यात हात घालायला लागली. मीही तिच्याशेजारी बसून शोधलं. जे तिथे नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, ते मी तिच्यासमोर बसून शोधत होतो. खोका दिला त्या पापापेक्षा हे शोधणं मला जास्त जड जातं. येताना रिक्षात ती म्हणाली, "जाऊ दे. तू मनाला लावून घिऊ नको."

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं झाली आणि पत्रिका यायला लागल्या. त्यात एक शाहूवाडीची होती. पारूची. अक्काच्या शेवटच्या शाळेतली, आता नर्स झालेली. अक्कानं पत्रिका दोनदा वाचली, सवयीनं फळीकडे बघितलं आणि पत्रिका उशीखाली ठेवून दिली. दोन दिवस ती टेबलावर बसलीच नाही. वाळूचा डबा तसाच झाकलेला.

मला ते बघवेना. मग मी आणखी एक गाढवपणा केला. मंडईतून एक गुलाब आणला. हळूहळू वाळवायला वेळ नव्हता. घरी कुणी नसताना कागदात धरून त्यावर इस्त्री फिरवली. पाकळ्या तपकिरी झाल्या, ते माझ्या पथ्यावरच पडलं, जुनं दिसत होतं. जुन्या वहीचं पान फाडलं, अक्काचं अक्षर गिरवून लिहिलं: पारू, इयत्ता चौथी, गुलाब. आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "अक्का, ही एक पुडी कपाटामागं सापडली बघ."

ती तांदूळ निवडत होती. हात पुसून तिनं पुडी घेतली, उघडली, नाकाजवळ नेली.

"फुलाला इस्त्रीचा वास येतोय," ती म्हणाली.

मी ओट्याला टेकलो.

"पारूच्या दारात गुलाब कवा हुता रं? त्यांच्या दारात खाचर हुतं भाताचं. घरात एक फूल न्हाई म्हणून पोरगी त्या दिवशी भाताची लोंबी मोडून घेऊन आली. बाकीची हसली तिला. तर वर तोंड करून मला म्हणती कशी, 'बाई, ह्ये बी फूलच हाय. भाताचं.' आन् खरंच फुलोऱ्यात हुती लोंबी. भिंग लावून दाखवलं मी सगळ्या वर्गाला." तिनं पुडी ताटाशेजारी ठेवली. "कुठनं आणलास ह्यो गुलाब?"

"मंडईतनं."

"का?"

तेव्हा माझ्या तोंडून सगळं आलं. साहेब, जिना, पिशवी, ट्रॉली. "चुकून न्हाई गेला, अक्का. मी दिला. कागदसुद्धा मी सोडले."

"सायेब हसला म्हणून?"

"व्हय."

तिनं ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल. ती म्हणाली, "नीट उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, ओट्याला टेकलो होतो तो सरळ झालो. आणि अक्कानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. समोर कागद नाही, काही नाही. "हणमंत. कर्दळ." आणि एक क्षण थांबली, वर्गात उत्तरासाठी थांबतात तशी. "शालन. गुलबक्षी." थांबली. "मुमताज. मोगरा. दगडू. कुर्डू. सुवर्णा. तेरडा." एकेचाळीस नावं. आवाज चढला नाही की कापला नाही. प्रत्येक नावानंतर ती तेवढीच थांबत होती आणि त्या गप्प जागेत 'हजर' म्हणायला कुणी नव्हतं. शेवटी म्हणाली, "पारू. भाताची लोंबी." मग तिनं तांदळाचं ताट परत पुढे ओढलं.

"लग्नाला मी न्हाई जाणार. तू जायचंस. आन् तिला सांगायचंस."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलास की. तेच."

शाहूवाडीच्या गाडीत मी वाक्यं जुळवत बसलो होतो. भात कापून झाला होता. खाचरांत नुसते खुंट, कडेला पेंढ्याच्या गंज्या. मांडव दारातच घातला होता. "पावणं, कुणीकडचं म्हणायचं?" एकानं विचारलं. बाईंचा भाऊ, असं मी सांगितलं, आणि मग माझी जी सरबराई सुरू झाली ती काय सांगू. "बाईंचं भाऊ आल्यात!" खुर्ची आली, चहा आला, आणि नको नको म्हणताना एका म्हाताऱ्यानं माझ्या डोक्याला फेटा बांधला. तो गुलाबी फेटा बांधून मी गुन्हा कबूल करायला रांगेत उभा राहिलो.

पारूनं वाकून नमस्कार केला. मी घाईघाईनं तिला सांगून टाकलं. मागची माणसं पुढे ढकलत होती. ती ऐकत राहिली.

"लोंबी? मी दिल्याली?" तिला आठवेना. मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. "आईनं पाठीत धपाटा घातल्याला, उभ्या पिकातली लोंबी मोडली म्हणून. ते आठवतंय. कशासाठी मोडली ते न्हाई आठवत." आणि मग हळू आवाजात, "बाईंनी ती ठिवली हुती व्हय? एवढी वर्सं?"

मी हजेरीचंही तिला सांगितलं. ती हसली की रडली, मुंडावळ्यांत मला नीट दिसलं नाही. शेजारच्या ताटातून तिनं मूठभर अक्षता उचलल्या आणि माझ्या रुमालात बांधल्या. "त्याच वावरातला तांदूळ हाय. बाईंना द्या. माझी हजेरी लावा म्हणावं."

रात्री घरी पोचलो तेव्हा अक्का जागी होती. तिनं रुमाल सोडला, अक्षता तळहातावर घेतल्या, कुंकवानं लाल झालेला एकेक दाणा बोटानं सारून पाहिला. वहीचं पान फाडलं, पुडी बांधली आणि वर लिहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फेटा काढ आता. जेवलास का?"

सगळेच पारूसारखे नव्हते. जमेल तसं मी एकेकाला गाठून सांगत गेलो. काही हसले, काहींनी अक्कासाठी नवीन फूल दिलं. मुमताजनं मोगऱ्याचं रोप दिलं, ते आमच्या गॅलरीत आहे. हणमंत मात्र ऐकून घेऊन म्हणाला, "बाईंनी आमची फुलं तुमच्या घरात न्यायला नको हुती." आणि बारा-तेरा जणांना मी अजून सांगितलेलं नाही. कुणाचा पत्ता नाही म्हणून, आणि कुणाच्या बाबतीत नुसती हिंमत नाही म्हणून.

खोक्याच्या जागी आता पत्र्याचा डबा आहे, घट्ट झाकणाचा. विसर्जनाला निघताना निर्माल्याची पिशवी मी दोनदा तपासतो. सुजाता चिडवते, मी तपासतो.

काल गौरीच्या आवराआवरीत तो डबा मी फळीवरून खाली घेतला. अक्का तेरडा धूत होती. झाकण गंजलंय का बघावं म्हणून उघडलं. वरच पारूची पुडी. त्याखाली नव्यानं आलेली पाच-सहा. आणि अगदी तळाशी एक जरा जाड पुडी. उलगडून पाहिली. इस्त्रीनं भाजलेल्या तपकिरी पाकळ्या, एक देठ. माझाच मंडईतला गुलाब, कागद मात्र मी 'पारू' लिहिलेला नव्हता. पुडीवर गोल, फळ्यावरचं अक्षर:

बाळू. इयत्ता तिसरी. गुलाब. उशिरा.

"बाळू, डबा कशाला काढलास रं?" मोरीतून अक्कानं विचारलं.

"पुसायला," मी म्हणालो. पुडी होती तशी बांधली आणि तळाशीच ठेवून दिली. ज्याचं फूल त्याला ती कधीतरी परत देतेच.